राजीनाम्याआधी कॅलेंडर उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला डोंबिवली, नोकरी अंधेरी पूर्वेला, सहार कार्गोजवळच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (दुसऱ्यांचा माल देशाबाहेर पाठवणाऱ्या-आणणाऱ्या) कंपनीत, काम आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं. रुजू झाल्याची तारीख १९ जुलै २०२१. महिन्याचा एकूण पगार ९० हजार, त्यात बेसिक ४८ हजार. आता बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. ते म्हणतात ४५ दिवसांत या, उरलेल्या नोटिसचे पैसे आम्ही भरू. इथली नोटिस ९० दिवसांची. ४ मेला राजीनामा टाकायचा विचार आहे. ज्या साहेबांनी बोट धरून काम शिकवलं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, आणि संबंध न बिघडवता कसं निघू?

मी बावीस वर्षं मुंबईत एचआरमध्ये काढली. माणसं घेण्यापेक्षा माणसं सोडताना जास्त बघितली, असं म्हटलं तरी चालेल. तुम्ही विचारलंत साहेबांचं आणि तारखा जाता जाता सांगितल्यात. मी उलट्या बाजूने सुरुवात करते, कारण तुमचं खरं नुकसान त्या तारखांमध्ये दडलंय.

१९ जुलै २०२१ ला लागलात, म्हणजे १८ जुलै २०२६ ला तुमची पाच वर्षं पुरी होतात. ४ मेला राजीनामा देऊन ४५ दिवसांत निघालात, तर शेवटचा दिवस येतो १८ जून. बरोबर एक महिना कमी. आणि पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, नाही.

ती किती, तेही मांडू. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ४८ हजारांवर एका वर्षाचे होतात सुमारे २७,६९२ आणि पाच वर्षांचे १,३८,४६२ रुपये. २० लाखांच्या मर्यादेत ही रक्कम करमुक्त. एका महिन्याच्या घाईपायी तुम्ही दीड महिन्याच्या पगाराएवढे पैसे टेबलावर ठेवून उठताय. नोटिसमध्ये काम केलेले दिवस नोकरीत धरले जातात, पैसे भरून सोडवून घेतलेले दिवस धरले जात नाहीत. हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही आणि नवी कंपनी तो सांगायला जात नाही, तिला तुमच्या ग्रॅच्युइटीचं काय पडलंय!

ऑफिसात कोणीतरी तुम्हाला सांगेलच की चार वर्षं आणि वर २४० दिवस झाले की पुरे. खोटं नाही, मद्रास उच्च न्यायालयाने तसा निकाल दिलेला आहे. पण तुमच्या कंपनीचा अकाउंट्सवाला तो निकाल मान डोलवून मानेल, यावर मी तुम्हाला पैज लावू देणार नाही. नवी नोकरी सांभाळून कामगार खात्याच्या कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा महिनाभर जास्त काम केलेलं परवडलं. नव्या कायद्याने पाच वर्षांची अट गेली, असंही काही जण छातीठोकपणे सांगतात. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला हे खरं, पण वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळते ती ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना. तुमच्यासारख्या कायम नोकरीवाल्यांना पाच वर्षं आहेतच.

तेव्हा ४ मेला इथे राजीनामा टाकण्याआधी एक मेल बीकेसीच्या एचआरला जाऊ दे. जॉइनिंग २२ जुलै, बुधवार, असं मागा. इथला शेवटचा दिवस २० जुलै ठेवा. १८ तारीख शनिवारी येते, काठावर राहू नका, दोन दिवस पुढेच बरे. कारण लपवायचं काही नाही, सरळ लिहा की पाच वर्षं पुरी होतायत. एचआरमधल्या माणसाला हे एका ओळीत कळतं. ते ‘नाही’ म्हणाले तर जाणाऱ्या ग्रॅच्युइटीएवढा जॉइनिंग बोनस मागा. माझं मत विचाराल तर तारीखच मागा. बोनसवर कर लागतो, आणि वर्षाच्या आत सोडलंत तर परत करा अशी अट बहुतेक वेळा त्याला चिकटलेली असते. इथल्या नोटिसचे पैसे ‘आम्ही भरू’ म्हणतात, तिथेही हीच अट असते. ऑफर लेटरचं शेवटचं पान वाचा, लहान अक्षरातलं.

४ मे ते २० जुलै हे ७७ दिवस होतात, म्हणजे ९० ला १३ कमी. हे १३ दिवस तुमच्या साहेबांकडून आणि एचआरकडून सोडवून घ्यायचेत. शिल्लक रजेत वळते करता येतात का बघा. नाहीतर तेवढ्याच दिवसांचे पैसे भरा. पण आधी तुमचं नेमणूक पत्र काढून दोन गोष्टी तपासा. नोटिसचे पैसे बेसिकवर मोजतात की एकूण पगारावर? ४५ दिवसांचे बेसिकवर ७२ हजार होतात आणि एकूणवर १ लाख ३५ हजार, केवढा फरक आहे बघा. आणि पैसे भरून लवकर सुटणं हा तुमचा हक्क आहे की ‘कंपनीच्या मर्जीने’ आहे? बऱ्याच पत्रांत मर्जीच लिहिलेली असते. म्हणूनच साहेबांशी बोलणं नीट व्हायला हवं, नुसत्या सभ्यतेसाठी नव्हे.

आता साहेब.

मेल टाकून मग केबिनमध्ये जाऊ नका. आधी तोंडाने सांगा, मग तासाभरात मेल. सोमवारी सकाळीही नको, त्या वेळी कार्गोच्या माणसाच्या डोक्यात शनिवार-रविवारी अडकलेल्या शिपमेंट असतात. जेवणानंतर, साहेबांचा चहा येतो त्या सुमाराला दहा मिनिटं मागा. प्रस्तावना लांबवू नका. ‘सर, मी राजीनामा देतोय. दुसरीकडे काम घेतलंय. २० जुलैपर्यंत आहे, तोवर सगळं कोणाच्या तरी हातात देऊन जाईन.’ बस. ‘सर, रागावू नका, पण तुम्हाला एक सांगायचंय, म्हणजे तसं काही नाही’ अशी सुरुवात केलीत की समोरच्याला वाटतं घरी काहीतरी वाईट झालंय, आणि मग खरी बातमी ऐकून त्याला आधी हायसं वाटतं आणि नंतर राग येतो. मी हे बघितलंय.

ते विचारतील, कुठे? नाव सांगायची सक्ती नाही. ‘बीकेसीत, क्लायंट साइडला, जॉइन झालो की सांगतो’ एवढं पुरतं. किती देतायत? हसून टाळा. का? इथे माणसं घसरतात. पाच वर्षांचं साठलेलं त्या दहा मिनिटांत बाहेर येतं. तुमचं तसं काही नाहीये हे प्रश्नावरून दिसतंय. तुमचं उलटं आहे, तुम्हाला अपराधी वाटतंय. त्या अपराधीपणात माणूस दोन वचनं देऊन बसतो, ‘तुम्ही म्हणाल तितके दिवस थांबतो’ आणि ‘गेल्यावरही रोज फोनवर आहेच’. दोन्ही देऊ नका. ज्यांनी शिकवलं त्यांचे आभार माना, नेमकं काय शिकलात ते सांगून माना. पहिल्या वर्षी चुकीचं शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) गेलं तेव्हा त्यांनी ओरडण्याऐवजी सोबत बसून दुरुस्त केलं असेल, तर ते आठवून सांगा. ‘खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य ज्याला कोणी काही शिकवलं नाही तोही म्हणतो.

‘थांब, वरती बोलतो, वाढवून देऊ’ असं म्हणाले तर? पैशांसाठीच जात असाल आणि इथेच वाढवून मिळाले असते तर थांबला असतात, तर ती वाढ राजीनाम्याआधी मागायची होती. राजीनामा टेबलावर ठेवून वाढ घेतली की ती मिळते, पण पुढच्या अप्रेजलला तुमच्या नावापुढे ती आधीच खर्ची पडलेली असते. आणि बीकेसीवाल्यांना तुम्ही ‘येतो’ म्हटलं असेल, तर ते वेगळंच. थांबलेली माणसं सुखी झाल्याची उदाहरणं मला आठवतात, अगदीच नाही असं नाही. त्या सगळ्यांत कामाचं स्वरूप बदललं होतं, वेगळं खातं, वेगळी जबाबदारी. नुसता आकडा बदलून थांबलेली मंडळी वर्ष-दीड वर्षात पुन्हा माझ्यासमोर तोच कागद घेऊन बसलेली असायची.

राजीनाम्याचं पत्र तुमच्या ऑफिसात इंग्रजीतच जाईल, मजकूर मात्र एवढाच असू द्या: मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे. माझा शेवटचा कामाचा दिवस २० जुलै २०२६ असावा अशी विनंती आहे. नोटिसचे उरलेले १३ दिवस शिल्लक रजेत वळते करावेत किंवा धोरणानुसार वसूल करावेत. तोवर कामाचं हस्तांतर पूर्ण करीन. शेवटच्या तारखेची लेखी खात्री द्यावी. कारण लिहायचंच तर ‘वैयक्तिक प्रगतीसाठी’. तक्रार एकही नाही. आणि मेलची प्रत स्वतःच्या खासगी आयडीवर. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो, कधी दुपारीच.

‘लेखी खात्री’ या दोन शब्दांवर मी का अडून बसते, ते सांगते. २००६ साली मी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका ऑफिसात होते. एक महिन्याची नोटिस. नव्या ठिकाणी घाई होती, म्हणून ११ दिवस आधी सोडा असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘जा गं, मी बघतो.’ मी गेले. पेढे वाटून गेले. दोन महिन्यांनी ते साहेबही नोकरी सोडून गेले. २०१३ मध्ये मी दुसरीकडे लागत होते, तेव्हा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जुन्या कंपनीचं उत्तर आलं: ‘नोटिस पूर्ण न करता काम सोडले, ११ दिवसांची वसुली बाकी.’ सात वर्षं माझ्या नावावर ती ओळ पडून होती आणि मला पत्ता नव्हता. मी, एचआरची बाई! डिमांड ड्राफ्ट काढला, त्याच इमारतीच्या रिसेप्शनवर दोन दिवस बसले, तिथल्या कोणालाच मी आठवत नव्हते. पत्र मिळालं, पण नवी जॉइनिंग तीन आठवडे पुढे गेली. साहेब खोटं बोलले नव्हते. ते बघणारच होते, फक्त त्यांनी ते कुठे लिहिलं नव्हतं. म्हणून तुमचे साहेब देवमाणूस असले तरी केबिनमधून बाहेर आल्यावर मेल टाका: ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे माझी शेवटची तारीख २० जुलै.’ देवमाणसाला याचा राग येत नाही.

नोटिसच्या अडीच महिन्यांत काय करायचं? हस्तांतर, आणि ते पहिल्या आठवड्यापासून. तुमच्या जागी येणारा माणूस शेवटच्या आठवड्यात मिळेल, कदाचित मिळणारच नाही, हे धरूनच चाला. तुमच्यासारख्याच एका कार्गो ऑफिसातला एक मुलगा गेला तेव्हा त्याने मागे एक लांब वही ठेवली होती. एक्सेलही होतीच, पण लोक वापरायचे वही. प्रत्येक पार्टीला एक पान. त्यात असलं लिहिलेलं: ‘हे इनव्हॉइसवर एचएस कोड दर वेळी जुना टाकतात, बिल ऑफ एंट्री भरण्याआधी बघणे.’ (एचएस कोड म्हणजे मालाच्या प्रकाराचा क्रमांक, बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद.) ‘यांच्या शेठना दुपारी दोन ते चार फोन करू नये, झोपतात. चारनंतर गोड असतात.’ ‘ड्युटीचे पैसे सांगूनही एक दिवस उशिरा पाठवतात, म्हणून एक दिवस आधीची तारीख सांगणे.’ कोणत्याही एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमावलीत, हे नसतं, आणि ऑफिस चालतं ते यावर. तो गेल्यावर वर्षभर तिथे लोक त्याचं नाव घ्यायचे, त्याच्या विदाईच्या केकमुळे नाही. एक सावधगिरी मात्र: आइसगेटचे (कस्टम्सच्या पोर्टलचे), बँकेचे, कुठलेही पासवर्ड वहीत लिहू नका. ते अधिकृत माणसाच्या नावावर बदलून घ्या आणि बदलल्याचा मेल असू द्या. तुमच्या नावाच्या लॉगिनवरून तुम्ही गेल्यावर काही भरलं गेलं तर निस्तरायला तुम्हालाच यावं लागेल.

उलट बाजूने, तुम्हीही काही घेऊन जाऊ नका. पार्ट्यांची यादी, रेट शीट, कामाच्या फाइली खासगी मेलवर पाठवणं हा शेवटच्या आठवड्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. आयटीवाले राजीनामा दिलेल्या माणसाचे मेल बघतात, हे आमच्याकडे कोणी जाहीर सांगत नाही इतकंच. ओळखी डोक्यात असतात, त्या कोणी काढून घेत नाही. ‘स्पर्धक कंपनीत वर्षभर जाणार नाही’ असं कलम तुमच्या पत्रात असलं तरी घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ नोकरी सोडल्यानंतरच्या अशा बंदीला सहसा उभं राहू देत नाही. माहिती चोरण्याचं प्रकरण निराळं, तिथे कलम २७ तुमच्या मदतीला येणार नाही. आणि बाँड म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याचा बाँड वैध ठरवला. बीकेसीच्या ऑफरमध्ये असं काही आहे का, ते सहीआधी बघा. सही झाली असेल तर निदान आकडा माहीत असू द्या.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, नव्या ठिकाणी तोच द्यायचा. पाच वर्षांच्या सलग नोकरीआधी काढला तर कर लागतो, आणि पेन्शनला एकूण दहा वर्षं मोजतात, ती साखळी आता तोडण्यात काही अर्थ नाही. गेल्यावर पोर्टलवर तुमची ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरली गेली का ते बघा. कंपनीने नाही भरली तर शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. ती तारीख २० जुलैच हवी. जुनीची अखेर नवीच्या सुरुवातीवर चढली तर ट्रान्सफर अडकते आणि व्हेरिफिकेशनवाले विचारतात, एका वेळी दोन नोकऱ्या का?

कराचं एकच. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आणि कापलेल्या टीडीएसचा तपशील लगेच द्या. नाही दिला तर दोन्ही कंपन्या ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब वेगवेगळे देऊन मोकळ्या होतात. त्या महिन्यांत हातात जास्त येतं म्हणून बरं वाटतं. रिटर्न भरताना तेच पैसे व्याजासकट एकदम भरावे लागतात.

मेडिक्लेम. तुम्ही आई-वडिलांचा उल्लेख केला नाहीत, पण कंपनीच्या पॉलिसीत ते असतील तर त्यांचं संरक्षण २० जुलैला संपतं. बीकेसीची पॉलिसी आई-वडिलांना घेते का, पहिल्या दिवसापासून घेते का, हे विचारा. घेत नसेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी निघण्याआधीच अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षेचे मोजलेले दिवस वाया जात नाहीत. गुडघ्याचं किंवा मोतिबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर २० जुलैच्या आत उरकून घेतलेलं बरं.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, कार्ड, जे काही परत कराल त्याची पोच घ्या, मेलवर का होईना. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा देऊन निघाल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता व्हायला हवा आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. अजूनही बऱ्याच ऑफिसांत जुन्या सवयीने ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) ४५ दिवसांनी’ असं सांगतात. भांडू नका, कायदा सांगणारा सौम्य मेल टाका आणि आठवड्याने आठवण करा. रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) मात्र पैशांच्या आधी मागा, नवी कंपनी तेच विचारणार आहे. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये मोकळेपणाने बोला असं आम्ही एचआरवाले म्हणतो. बोला, पण कामाबद्दल. माणसांबद्दल नको. तो कागद कोणाच्या टेबलावर जातो ते आम्हालाही दर वेळी माहीत नसतं.

आणि एक बारीकसं. आज तुम्ही डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो करत असाल. जुलैपासून कुर्ल्याला उतरून बीकेसीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचंय. साहेबांशी बोलणं होऊन २० तारीख लेखी येईपर्यंत लोकलचा तीन महिन्यांचा पास काढू नका. मासिकच काढा.